लेन्स बघून घ्या, कॅप कुठूनही मागवा

लेन्स, ट्रायपॉड आणि वापरलेली बॉडी, म्हणजे लेन्स सोडून उरलेला कॅमेरा, दुकानातून घ्यायची. स्टेप-अप रिंग (लहान लेन्सवर मोठा फिल्टर बसवायची कडी), केबल, कॅप, हूड असलं किडूकमिडूक ऑनलाइन. मेमरी कार्ड मात्र विक्रेता कोण आहे हे पक्कं माहीत असेल तिथूनच, मग ते दुकान असो की वेबसाइट. कार्यक्रमांचे आणि रंगमंचावरचे फोटो काढून माझं घर चालतं. दोन्हीकडची खरेदी बरीच वर्षं केल्यावर माझी घडी अशी बसली आहे. "ऑनलाइन एवढं स्वस्त मिळतंय, दुकानात कशाला जायचं?" असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारते, काय घ्यायचंय?

लेन्सपासून सुरुवात करते, कारण खरा प्रश्न तिथेच आहे. मोठी झूम लेन्स म्हणजे एका नळीत बसवलेली वीस-बावीस भिंगं. कॅननच्या ईएफ ७०-२०० एफ २.८ एल आयएस टू या लेन्समध्ये १९ गटांत मिळून २३ भिंगं आहेत. ती सगळी एका अक्षावर बसायला हवीत. त्यातलं एखादं केसभर सरकलं किंवा कललं की फ्रेमची एक बाजू मऊ, म्हणजे अस्पष्ट येते. लेन्स डिसेंटर आहे म्हणतात ते हेच. कारखाना ठरावीक मर्यादेपर्यंत हा फरक चालवून घेतो, कारण प्रत्येक नग अगदी बिनचूक जुळवत बसलं तर लेन्स कुणालाच परवडणार नाही. म्हणून एकाच मॉडेलच्या दोन लेन्स शेजारी ठेवल्या तर एक दुसरीपेक्षा सरस निघू शकते. नेटवर वाचलेला रिव्ह्यू हा तो लिहिणाऱ्याच्या नगाचा असतो. आपल्या हातात आलेला नग कसा आहे ते आपल्यालाच बघावं लागतं.

माझी ७०-२०० घेताना ते असं बघितलं. दुकानात समोरच्या भिंतीला फिल्टरच्या डब्यांची मांडणी होती, वरपासून खालपर्यंत बारीक अक्षरांची आणि बऱ्यापैकी एका पातळीत. ट्रायपॉड लावला, कॅमेरा भिंतीला समांतर केला, लेन्स २०० मिलिमीटरवर म्हणजे पूर्ण झूमवर, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेडाचं भोक) पूर्ण उघडं म्हणजे एफ २.८, दोन सेकंदांचा टायमर. लाइव्ह व्ह्यू, म्हणजे स्क्रीनवरचं थेट चित्र, मोठा करून मध्यावर फोकस केला आणि फोटो काढला. स्क्रीनवर झूम करत चारही कोपरे बघितले. मधली आणि उजवीकडची अक्षरं स्वच्छ वाचता येत होती. डावीकडची मात्र ओल्या बोटाने पुसल्यासारखी. आता यात लेन्सचा दोष आहे की कॅमेराच जरा तिरका राहिलाय, हे ओळखायची एक सोपी युक्ती आहे. कॅमेरा उलटा करून, डोकं खाली पाय वर असा, तोच फोटो पुन्हा काढायचा. कॅमेरा तिरका असेल तर मऊपणा भिंतीच्या त्याच भागावर राहतो, म्हणजे फ्रेममध्ये तो दुसऱ्या बाजूला जातो. लेन्स दोषी असेल तर तो फ्रेमच्या त्याच बाजूला चिकटून बसतो. माझ्या फोटोत तो डावीकडेच बसला होता.

दुकानदार माझ्या खांद्यावरून स्क्रीन बघत होते. म्हणाले, "मॅडम, ही ठेवा बाजूला. दुसरी पेटी फोडतो."

मी म्हटलं, "अहो, पण ही उघडलेली पेटी तुमच्या अंगावर पडेल ना?"

"ती मी कंपनीकडे परत लावतो. तुम्ही ही घेऊन गेलात तर आठ दिवसांत परत याल, आणि मग मला ऐकून घ्यावं लागेल."

दुसऱ्या नगाचे चारही कोपरे सारखे होते. तीच लेन्स आज माझ्या पोटापाण्याची आहे. ऑनलाइन किमतीपेक्षा ती मला महाग पडली, आणि त्या जास्तीच्या पैशांत मला नेमकं काय मिळालं ते मी बोट ठेवून दाखवू शकते.

हेच ऑनलाइन झालं असतं तर? लेन्स परत करता येते, हे खरं. पण पाठवणी, तपासणी, नवा नग येणं यात दिवस जातात, आणि नवा नगही आपणच तपासायचा असतो. परतीची मुदत संपल्यावर दोष सापडला तर सर्व्हिस सेंटरकडून "लेन्स मर्यादेत आहे" असं उत्तर येऊ शकतं. आरसा असलेल्या डीएसएलआरवाल्यांना आणखी एक भानगड असते. त्यात फोकसचा सेन्सर वेगळा असतो, त्यामुळे एखादी लेन्स एखाद्या बॉडीवर फोकस थोडा पुढे किंवा मागे धरते. आपली बॉडी दुकानात नेऊन तिच्यावरच लेन्स लावून बघितली तर हे तिथेच कळतं. आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यात फोकस मुख्य सेन्सरवरच होतो, म्हणून हा त्रास बहुतेक संपला आहे. डिसेंटरचा मात्र संपलेला नाही.

ट्रायपॉडबद्दल थोडक्यात. डब्यावर लिहिलेलं "अमुक किलो पेलतो" हे प्रत्येक कंपनीने आपापल्या पद्धतीने काढलेलं असतं, त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून काहीच ठरवता येत नाही. दुकानात तो पूर्ण उंच करायचा, आपली लांब लेन्स लावायची, लाइव्ह व्ह्यू दहा पट मोठा करायचा आणि पायावर टिचकी मारायची. चित्र थरथरून किती वेळात थांबतं ते बघायचं. दोन ट्रायपॉड असे पाठोपाठ बघितले की विकत कुठला घ्यायचा ते विचारावं लागत नाही. ग्रिपचंही, म्हणजे बॉडी धरायच्या जागेचंही, तसंच. माझा हात लहान आहे. काही बॉडींवर माझा अंगठा मागच्या फोकस बटणापर्यंत ताणावा लागतो, आणि तासाभराच्या नाटकानंतर तो दुखतो. चष्मेवाल्यांना काही व्ह्यूफाइंडरचे कोपरे दिसतच नाहीत. हे स्पेसिफिकेशनचा तक्ता वाचून नीट कळत नाही.

दुकानं कमी का झाली आणि उरलेल्यांत माल थोडा का दिसतो, याचं कारण आकड्यांत आहे. जपानी कॅमेरा कंपन्यांच्या सीपा या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० मध्ये जगभर १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. २०२१ मध्ये ते ८४ लाखांच्या आसपास होते. खिशातले छोटे कॅमेरे फोनने खाल्ले, आणि दुकानांचा रोजचा गल्ला त्यांच्यावरच चालत होता. ब्रिटनमध्ये जेसॉप्ससारख्या जुन्या साखळीची दुकानं २०१३ च्या जानेवारीत बंद पडली. आज जो दुकानदार टिकलाय, त्याला महागडी बॉडी शेल्फवर ठेवणं म्हणजे भांडवल अडकवणं. तो "मागवून देतो" म्हणाला तर त्याला मी आळशी म्हणत नाही.

आता मेमरी कार्ड. स्वस्ताईचा मोह सर्वांत जास्त इथे होतो आणि नुकसानही इथेच सर्वांत मोठं होतं. बनावट कार्ड लगेच बंद पडत नाही, म्हणून ते घातक. आतली चिप असते आठ किंवा सोळा जीबीची, पण कार्डाच्या कंट्रोलरला शिकवलेलं असतं की विचारल्यावर १२८ सांग. कॅमेरा त्याच्यावर विश्वास ठेवतो. फॉरमॅट होतं, शिल्लक फोटोंचा आकडा भरघोस दिसतो, पहिले काही शे फोटो व्यवस्थित येतात. खरी जागा संपली की पुढचे फोटो एकतर जुन्यांवर लिहिले जातात किंवा कुठेच लिहिले जात नाहीत. फाइलचं नाव दिसतं, आत काही नसतं. आणि हे कळतं ते रात्री घरी येऊन कॉम्प्युटरला कार्ड लावल्यावर. कार्यक्रम होऊन गेलेला असतो. माणसं पांगलेली असतात. तो प्रसंग पुन्हा उभा करता येत नाही.

म्हणून नवं कार्ड, मग ते कुठूनही आणलेलं असो, मी कामाला लावण्याआधी पूर्ण भरून तपासते. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू आणि मॅक किंवा लिनक्सवर एफथ्री ही फुकट मिळणारी साधनं आहेत. ती कार्डावर शेवटच्या बाइटपर्यंत माहिती लिहितात, परत वाचतात आणि जुळते का ते बघतात. मोठ्या कार्डाला बराच वेळ लागतो. लावून ठेवायचं आणि दुसरं काम करायचं. डोळ्यांनी बघण्यासारखी खूणही एक आहे. यूएचएस-टू या जलद प्रकारच्या कार्डाच्या पाठीवर सोनेरी पिनांच्या दोन ओळी असतात. डब्यावर यूएचएस-टू लिहिलंय आणि कार्डावर एकच ओळ आहे, तर ते तसंच परत करायचं.

ऑनलाइन घेताना "नामांकित वेबसाइटवरून घेतलं" एवढ्यावर थांबू नका. त्या पानावर विक्रेता म्हणून कुणाचं नाव आहे ते वाचा. मोठ्या बाजारपेठेच्या वेबसाइटवर एकाच वस्तूच्या पानाखाली अनेक विक्रेते असतात, आणि "आत्ता खरेदी करा" हे बटण त्यातल्या कुणाचंही असू शकतं. कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर अधिकृत विक्रेत्यांची यादी असते. नाव त्या यादीत असेल तर ऑनलाइन कार्ड मी बिनधास्त घेते.

बॅटरीचा हिशेब तर कंपनीनेच मांडून ठेवला आहे. कॅननची एलपी-ई६ बॅटरी २००८ मध्ये १८०० एमएएचची होती (एमएएच म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप). त्याच आकाराची एलपी-ई६एन १८६५ ची आली, आणि २०२० मधली एलपी-ई६एनएच २१३० ची. त्याच डबीत एवढी वाढ करायला मूळ कंपनीला बारा वर्षं लागली. आता कुणी कमी पैशांत त्याच आकाराची ३००० एमएएचची बॅटरी विकत असेल तर तो आकडा फक्त स्टिकरवर आहे. चांगल्या नावाच्या तिसऱ्या कंपनीच्या बॅटऱ्या मी वापरते आणि त्या ठीक चालतात. पण "ओरिजिनल" म्हणून स्वस्तात विकली जाणारी बॅटरी घेत नाही. फुगली तर ती ग्रिपमध्ये अडकते, आणि मग बॉडीच उघडायची वेळ येते.

ग्रे मार्केटचं नाव काढलं की लोक दोन टोकांना जातात. कुणी त्याला चोरीचा माल समजतं, कुणी "तोच कारखाना, तीच वस्तू, फक्त स्वस्त" म्हणून खूश होतं. वस्तू खरीच असते, पण ती कंपनीच्या तुमच्या देशातल्या अधिकृत वितरकामार्फत आलेली नसते. त्यामुळे बिघाड झाला तर स्थानिक सर्व्हिस सेंटर तुम्हाला वॉरंटी नाकारू शकतं. अमेरिकेतली निकॉन कंपनी तर असा माल दुरुस्तीलाच घेत नाही, असं तिने उघड सांगितलेलं आहे. विक्रेता देतो ती त्याची स्वतःची वॉरंटी, आणि ती तो विक्रेता धंद्यात असेपर्यंतच. शिवाय जपानच्या बाजारासाठी बनवलेल्या काही सोनी बॉडींत मेनू फक्त जपानी भाषेत असतो, हे पेटी उघडल्यावर कळून उपयोग नसतो. मी स्वतः ग्रेमधून एक प्राइम, म्हणजे झूम न होणारी, लेन्स घेतली आहे आणि ती उत्तम चालते. त्या लेन्समध्ये हाताचे हादरे सावरणारा स्टॅबिलायझर नाही, हलणारे भाग कमी, आणि किमतीतला फरक मोठा होता, म्हणून घेतली. बॉडी मात्र ग्रेमधून घेणार नाही. माझी बॉडी दर मोठ्या हंगामानंतर सर्व्हिसला जाते.

कुठूनही घ्या, बिल पक्कं घ्या, आणि त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या. विमा, चोरीची तक्रार, वॉरंटी, पुढे विकायची वेळ, सगळीकडे तोच नंबर लागतो. ऑनलाइन बिलावर तो बऱ्याचदा नसतो. मागितला की बरेच विक्रेते देतात.

आणि हो, नवशिक्यांना हे माहीत हवं: खूप जुना एक डाव अजून चालतो. २००० नंतरच्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधले काही ऑनलाइन कॅमेरा विक्रेते त्यासाठी बदनाम झाले. बॉडीची किंमत अविश्वसनीय कमी लावायची, ऑर्डर आली की "कन्फर्म करायला" फोन करायचा, आणि बॅटरी, चार्जर, पट्टा या पेटीतल्याच वस्तू वेगळ्या पैशांत गळ्यात मारायच्या. नाही म्हटलं की माल "संपला". म्हणून मी पेटीत काय काय असतं ते कंपनीच्या साइटवरून आधी वाचते.

ऑनलाइनचं कौतुक मला मनापासून करायचंय, कारण त्याच्याशिवायही माझं अडतं. ६७ वरून ७७ मिलिमीटरवर नेणारी रिंग, बंद झालेल्या मॉडेलचा आयकप (व्ह्यूफाइंडरभोवतीचं रबर), ट्रायपॉडवर कॅमेरा अडकवायची अर्का-स्विस पद्धतीची नेमक्या बॉडीला बसणारी प्लेट, कॅमेरा कॉम्प्युटरला जोडणारी लांब टेदर केबल. असल्या वस्तू कुठलाही दुकानदार साठवून ठेवू शकत नाही, आणि त्यात नगानग फरक पडत नाही. जवळपास कॅमेऱ्याचं दुकानच नाही अशा ठिकाणी राहणाऱ्यांना तर दुसरा मार्गच नाही. त्यांना मी एवढंच सांगेन की परतीची मुदत ही तुमची दुकानातली वेळ आहे असं समजा. पेटी उघडताना सील फोडण्यापासून एकसंध व्हिडिओ काढा, आणि वर सांगितलेली भिंतीची चाचणी पहिल्याच दिवशी करा. बॉडी असेल तर झाकण लावून ३० सेकंदांचं एक एक्सपोजर घ्या म्हणजे पेटलेले पिक्सेल दिसतील. एफ १६ वर पांढऱ्या कागदाचा फोकसबाहेर फोटो काढा म्हणजे सेन्सरवरची धूळ दिसेल. नवीन म्हणून आलेल्या बॉडीच्या सेन्सरवर तेलाचे ठिपके किंवा फोटोंचा नंबर बराच पुढे गेलेला आढळला तर ती कुणीतरी वापरून परत केलेली असू शकते.

दुकान म्हणजे सगळं चांगलंच असंही नाही. डिस्प्लेत महिनोन्‌महिने ठेवलेली बॉडी सीलपॅकच्या भावात देणारे, "सर, यूव्ही फिल्टर घ्यावाच लागतो" म्हणून निकृष्ट काच चिकटवणारे, लेन्स लावून बघू का म्हटलं की कपाळाला आठ्या घालणारे भेटले आहेत. ग्रे माल काउंटरवरूनही विकला जातो. जे दुकान लेन्स तपासू देत नाही, पक्कं बिल द्यायला कां-कूं करतं आणि बिघाडाच्या वेळी सर्व्हिस सेंटरचा पत्ता हातावर ठेवतं, त्याला ऑनलाइनपेक्षा एक पैसाही जास्त देण्याचं कारण नाही. तिथे जास्तीच्या पैशांच्या बदल्यात काहीच मिळत नाही.

ज्या दुकानात मिळतं, तिथलं एक उदाहरण सांगते. कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्डांचे दिवस होते. त्या कार्डाला कॅमेऱ्याच्या आत ५० बारीक पिना लागतात, आणि कार्ड तिरकं गेलं की एखादी वाकते. माझ्या मुख्य बॉडीची पिन वाकली ती कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी. दुकान बंद व्हायच्या वेळेला फोन केला. त्यांनी शटर अर्धं खाली ओढून ठेवलं, मी पोचल्यावर स्वतःच्या वापरातली बॉडी काढून दिली, डिपॉझिट विचारलं नाही. "उद्याचं काम करा, बॉडी परवा आणा." माझी बॉडी त्यांनीच दुरुस्तीला पाठवली. ही सेवा कुठल्याही किमतीच्या पाटीवर लिहिलेली नव्हती.

म्हणूनच एका सवयीचा मला राग येतो. दुकानात जायचं, तास-तास लेन्स लावून बघायच्या, दुकानदाराकडून सगळं समजून घ्यायचं, आणि बाहेर पडून फोनवर ऑर्डर टाकायची. त्याचा तास तुम्ही वापरलात, मोल दुसऱ्याला दिलंत. ऑनलाइनच घ्यायचं ठरलं असेल तर खुशाल घ्या, पण मग त्याची पेटी फोडायला लावू नका. आणि तिथेच आवडलं पण किंमत झेपत नसेल तर तसं तोंडावर सांगा. मी ऑनलाइन भाव दाखवून सरळ विचारते, "यात तुम्ही काय करू शकाल?" नव्या बॉडीवर दुकानदाराला फारसं सुटत नाही, हे मला माहीत आहे. त्यामुळे किंमत फारशी हलत नाही, पण बॅग, फिल्टर किंवा सेन्सर क्लीनिंगमध्ये ते काहीतरी जुळवून देतात. त्यांची कमाई तिथेच असते, म्हणून फिल्टर आणि बॅग मीही त्यांच्याकडूनच घेते.

वापरलेल्या मालाबाबत मात्र माझं मत ठाम आहे, अनोळखी विक्रेत्याकडून न बघता घ्यायचा नाही. लोक शटर काउंट, म्हणजे शटर आजवर किती वेळा चाललं तो आकडा, विचारतात आणि खूश होतात. त्याला अर्थ आहे, पण अर्धाच. निकॉन डी८५० चं शटर दोन लाख क्लिकपर्यंत तपासलेलं, कॅनन फाइव्ह डी मार्क फोरचं दीड लाखापर्यंत. निकॉनच्या झेड नाइन आणि झेड एटमध्ये यांत्रिक शटरच नाही, तिथे तो आकडा झिजेबद्दल काही सांगत नाही. माउंटची, म्हणजे लेन्स जिथे बसते त्या कडीची, कडा किती घासली आहे, कार्डाचं दार सैल आहे का, यूएसबीचं तोंड हलतं का, हे हातात घेऊनच कळतं. लेन्सच्या मागून टॉर्च मारून पुढून तिरकं बघायचं. बुरशी असेल तर भिंगाच्या कडेकडून आत येणारे बारीक पांढरे तंतू दिसतात. विक्रेत्याने टाकलेल्या फोटोत ते कधीच दिसणार नाहीत.

सध्या मी वापरलेल्या १०० मिलिमीटर मॅक्रोच्या, म्हणजे बारीक वस्तू अगदी जवळून टिपणाऱ्या लेन्सच्या, शोधात आहे. ऑनलाइन एक दिसतेय, चकचकीत फोटो, "अगदी नव्यासारखी", आणि आमच्या दुकानदारांकडे एक आलीये, तिच्यापेक्षा थोडी महाग. शनिवारी बॉडी आणि टॉर्च घेऊन दुकानात जाणार आहे. फोकस रिंग एका जागी किंचित ओढते, हे त्यांनी फोनवर मी विचारायच्या आधीच सांगितलं.